फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झाल्यावर अपील कसे करावे

ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या घरातील कोणाला फसवणुकीच्या खटल्यात कारावासाची शिक्षा झाली आहे आणि ज्यांनी याआधी कोर्टाची पायरी फारशी चढलेली नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. यात भारतातील कायद्याचा आणि मुख्यतः महाराष्ट्रातील न्यायालयांचा विचार केला आहे. अपिलासाठी वकील लागतोच; परंतु कोणते काम कधी आणि कोणत्या क्रमाने व्हायला हवे हे पक्षकाराला ठाऊक असेल, तर मुदत हुकणे, जामीनदार ऐनवेळी न मिळणे किंवा अपील भलत्याच न्यायालयात दाखल होणे असे टाळता येण्याजोगे नुकसान टळते.

आधी कलमांविषयी थोडे सांगायला हवे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. फसवणुकीची घटना त्या तारखेपूर्वीची असेल तर शिक्षा जुन्या कलम ४२० खालीच होते आणि नंतरची असेल तर न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली होते; दोन्हींत कमाल सात वर्षे कारावास आणि दंड आहे. प्रक्रियेची कलमे या लेखात नव्या संहितेची दिली आहेत. मात्र कोर्टाच्या आवारात अजूनही बरेच वकील ‘तीनशे एकोणनव्वदचा अर्ज’ असेच म्हणतात, तेव्हा तो नव्या कलम ४३० चा अर्ज आहे हे ओळखावे.

निकालाच्या दिवशी

खटल्याचा निकाल राखून ठेवला आहे हे कळले की त्या तारखेची तयारी आधीच करावी. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल, तर अपील करण्याचा इरादा आहे असे सांगून त्याच न्यायालयाकडे, त्याच दिवशी, कलम ४३०(३) खाली अर्ज करता येतो. जामीन नाकारण्याची खास कारणे नसतील तर अपील दाखल करून वरच्या न्यायालयाचा आदेश आणता येईल एवढ्या काळासाठी न्यायालय आरोपीला जामिनावर सोडते. हा काळ बहुधा अपिलाच्या मुदतीइतका म्हणजे तीस दिवसांचा असतो. शिक्षा तीन वर्षांच्या वर एक महिन्याने जरी असली तरी हा मार्ग बंद होतो आणि आरोपीला तिथूनच कारागृहात नेले जाते.

म्हणून जामीनदाराला त्या दिवशी कोर्टात हजर ठेवावे. त्याचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि ऐपतीचा कागद, म्हणजे सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला, बरोबर असावा. निकाल अनेकदा दुपारनंतर सांगितला जातो, शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्यात आणखी वेळ जातो आणि जामिनाचे कागद तपासून होईपर्यंत कार्यालय बंद व्हायला आलेले असते. एवढ्याशा कारणाने एखादी रात्र कारागृहात काढावी लागलेली माणसे कमी नाहीत. दंडाची रक्कमही जवळ असावी, कारण ती त्याच दिवशी भरण्यास सांगितले जाण्याची शक्यता असते.

शिक्षेबाबत म्हणणे मांडण्याची जी संधी मिळते, ती बरेच आरोपी ‘दया करावी’ एवढे म्हणून वाया घालवतात. वय, आजारपणाचे कागद, अवलंबून असलेली माणसे, आधीचा कोणताही गुन्हा नसणे, परत केलेली रक्कम हे सारे तेव्हाच सांगून नोंदवून घ्यावे, कारण अपिलात शिक्षा कमी करून मागताना याच नोंदीचा आधार लागतो.

निकालपत्राची प्रत

कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत निकालानंतर ताबडतोब आणि विनामूल्य देणे कलम ४०४ नुसार बंधनकारक आहे. ही तरतूद किती महत्त्वाची आहे, हे एका फसवणुकीच्याच प्रकरणातून देशाला कळले. माधव होसकोट हे विद्यापीठातील प्राध्यापक बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाच्या आरोपात दोषी ठरले होते. सत्र न्यायालयाने त्यांना नाममात्र शिक्षा दिली होती, ती उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली. ते सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ उलटला होता आणि शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारागृहाकडे ती पोचल्याची नोंद होती, पण कैद्याच्या हाती दिल्याची त्याच्या सहीची पोच नव्हती. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात, कैद्याला निकालाची प्रत वेळेत व विनामूल्य मिळणे आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळणे हे घटनेच्या अनुच्छेद २१ मधील न्याय्य प्रक्रियेचेच भाग आहेत, असे ठरले. होसकोट यांची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली.

तेव्हा प्रत कोणाच्या हाती, कोणत्या तारखेला आली याची नोंद कुटुंबीयांनी ठेवावी. शिवाय त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी वेगळा अर्ज करून ठेवावा.

अंतिम आदेश वाचण्याची रीत

निकालपत्र साठ-सत्तर पानांचे असले तरी सुरुवातीला शेवटची दोन पाने सावकाश वाचावीत, कारण किती काळ आत राहावे लागेल हे तिथेच कळते. उदाहरणादाखल असा आदेश समजा: कलम ४२० खाली तीन वर्षे सश्रम कारावास व दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद; कलम ४६८ खाली दोन वर्षे सश्रम कारावास व पाच हजार रुपये दंड, दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद. यापुढे ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगाव्यात’ असे लिहिले असेल तर मूळ कारावास तीन वर्षांचा होतो आणि ते वाक्य नसेल तर एकामागून एक म्हणजे पाच वर्षांचा होतो. दंड न भरल्याची कैद मात्र एकत्रित भोगण्याच्या आदेशात मोडत नाही. दोन्ही दंड थकले तर सहा महिने वेगळे भोगावे लागतात.

तपासाच्या वा खटल्याच्या काळात आरोपी कोठडीत राहिला असेल, तर ते दिवस कलम ४६८ नुसार शिक्षेतून वजा होतात. (हे नागरिक सुरक्षा संहितेचे ४६८ आहे, वरच्या उदाहरणातले ४६८ दंड संहितेचे, फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करण्याचे. क्रमांकांचा हा योगायोग नव्या माणसाला चांगलाच चकवतो.) आदेशातील कोठडीच्या तारखा अटकेच्या पंचनाम्याशी आणि जामिनावर सुटल्याच्या दिवसाशी ताडून पाहाव्यात. चूक आढळली तर ती तिथल्या तिथे, त्याच न्यायालयाच्या नजरेस आणून देणे सोपे असते.

दंडातून फिर्यादीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला असेल, तर अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील दाखल झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम फिर्यादीला दिली जात नाही. दंड भरला म्हणजे पैसे गेलेच, अशी समजूत करून घेऊ नये.

अपील कोणत्या न्यायालयात आणि किती दिवसांत

अपील कोठे करायचे हे कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली यावरून ठरत नाही. खटला कोणी चालवला आणि शिक्षा किती झाली यावरून ठरते. फसवणुकीचे बहुतेक खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यांना तीन वर्षांपर्यंत आणि मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा देता येते. त्यांच्या निकालावरील अपील कलम ४१५ प्रमाणे सत्र न्यायालयात जाते. सत्र न्यायाधीश किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी खटला चालवला असेल, तर अपील उच्च न्यायालयात होते. ठेवीदारांच्या फसवणुकीचे, १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखालील खटले विशेष न्यायालयात चालत असल्याने त्यांचेही अपील उच्च न्यायालयातच जाते.

एक खाचखळगा इथे आहे. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षा एकामागून एक भोगायच्या असतील, तर अपिलापुरती त्यांची बेरीज ही एकच शिक्षा मानली जाते. ती बेरीज सात वर्षांच्या वर गेली की अपील उच्च न्यायालयात करावे लागते. त्याच खटल्यातील सहआरोपीला सात वर्षांहून अधिक शिक्षा झाली असेल, तरीही तसेच.

मुंबई उच्च न्यायालयाची मुख्य बैठक मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठे आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामे तेथे चालतात.

मुदत सत्र न्यायालयासाठी तीस दिवस आणि उच्च न्यायालयासाठी साठ दिवस आहे. निकालाचा दिवस मोजत नाहीत आणि प्रमाणित प्रत तयार होण्यास लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. त्यासाठी प्रतीच्या मागील बाजूस अर्जाची तारीख, प्रत तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असे शिक्के असतात; ते पुसट उमटले असतील तर तिथेच पुन्हा स्पष्ट मारून घ्यावेत. निकाल १ मार्चचा असेल तर तीस दिवस ३१ मार्चला संपतात. ३ मार्चला केलेल्या अर्जावर १२ मार्चला प्रत तयार झाली, तर ते दहा दिवस धरून मुदत १० एप्रिलपर्यंत जाते. तरीही माझा सल्ला असा, की आपण निकालापासूनचे तीस दिवसच खरे मानावेत आणि वगळले जाणारे दिवस अडचणीसाठी राखून ठेवावेत. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात प्रत्येक टप्प्यावरील उशिराचे कारण सांगावे लागते आणि तो मंजूर होईपर्यंत अपील पुढे सरकत नाही.

आरोपी कारागृहात असल्यास वकीलपत्रावर त्याची सही कारागृह अधिकाऱ्यांसमोर होऊन शिक्क्यानिशी बाहेर येते, यात काही दिवस जातात. वकील नसला तरी अडून राहू नये. कैद्याला आपले अपील थेट कारागृह अधीक्षकांकडे देता येते आणि ते योग्य न्यायालयाकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे. कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यास पात्र असते.

अपिलाची कारणे

अपिलात साक्षीदार पुन्हा तपासले जात नाहीत. खालच्या न्यायालयातील साक्षी, उलटतपास आणि पुरावा म्हणून नोंदवून निशाणी क्रमांक दिलेले कागद यांच्याच आधारे वरचे न्यायालय पुराव्याचे नव्याने मोल करते. ‘न्यायालयाने पुराव्याचा योग्य विचार केला नाही’ अशी ठोकळेबाज वाक्ये प्रत्येक अपिलात असतात आणि त्यांनी काही साधत नाही. अमुक साक्षीदाराने उलटतपासात अमुक परिच्छेदात काय कबूल केले आणि निकालपत्राच्या कोणत्या परिच्छेदात ते सुटले, अशा बोलीत मुद्दा मांडला तरच तो न्यायाधीशांच्या नजरेत भरतो. यासाठी साक्षींच्या प्रमाणित प्रती आणि रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याच्या नोंदीची, प्रतही काढावी.

फसवणुकीच्या प्रकरणात सर्वांत वजनदार मुद्दा बहुधा इराद्याचा असतो. व्यवहार करतानाच फसवण्याचा हेतू होता, हे सरकार पक्षाने सिद्ध करावे लागते. पुढे धंदा बुडाला, पैसे परत करता आले नाहीत किंवा करार मोडला एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणून सुरुवातीचे काही हप्ते किंवा परतावे दिल्याच्या नोंदी, माल पाठवल्याची चलने, अडचण कळवणारी पत्रे यांपैकी जे आधीच निशाणीवर आहे ते शोधून काढावे. अर्थात दुसरी बाजूही ओळखली पाहिजे: ठेवीदारांना गुंतवून ठेवण्यासाठीच पहिले परतावे दिले होते, असे सरकारी वकील म्हणणार, आणि साखळी योजनांच्या खटल्यांत ते म्हणणे अनेकदा पटण्यासारखे असते.

दुसरा मुद्दा कलमांच्या जोडणीचा. आर्थिक प्रकरणांत फसवणूक आणि विश्वासघात अशी दोन्ही कलमे सरसकट लावली जातात. वस्तुतः फसवणुकीत हेतू पहिल्यापासून वाईट असावा लागतो. विश्वासघातात मालमत्ता आधी रीतसर सोपवलेली असते आणि नंतर तिचा अपहार होतो. एकाच घटनेवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. बनावट दस्तऐवजाच्या आरोपात तो दस्तऐवज आरोपीनेच तयार केला याचा पुरावा आहे का, हे पाहावे. शीला सेबास्टियन प्रकरणात २०१८ साली ठरल्याप्रमाणे, केवळ लाभ झाला म्हणून कोणी दस्तऐवज बनवणारा ठरत नाही.

तिसरा भाग कागदांचा. बँकेच्या खातेउताऱ्यांना १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालील प्रमाणपत्र होते का? ईमेल, व्हॉट्सअॅपवरील संदेश आणि संगणकातील हिशेब यांना जुन्या साक्ष कायद्याचे कलम ६५ब किंवा नव्या साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ याप्रमाणे प्रमाणपत्र जोडले होते का? जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले गेले. आणि ज्या पुराव्यावर शिक्षा झाली, तो न्यायालयाने आरोपीचा जबाब घेतला त्या वेळी त्याला विचारला होता का? न विचारलेली बाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

आरोपीने गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल, तर हे सारे बंद होते. कलम ४१६ प्रमाणे केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्याच मुद्द्यांवर बोलता येते. तसे नसले तरी अपिलात शिक्षेबाबतचे कारण वेगळे लिहावे. दोषसिद्धी टिकली तर शिक्षा कमी व्हावी, किंवा १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावे, अशी पर्यायी मागणी केल्याने मुख्य मुद्दा कमकुवत होतो ही भीती निराधार आहे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या जुन्या कलम ४६७ (मौल्यवान दस्तऐवज बनावट करणे) किंवा ४०९ (लोकसेवक, बँकर यांसारख्यांनी केलेला विश्वासघात) खाली दोषी ठरलेल्यांना मात्र परिवीक्षेचा लाभ मिळत नाही.

शिक्षेला स्थगिती

अपिलासोबतच कलम ४३०(१) खाली शिक्षा स्थगितीचा व जामिनाचा अर्ज द्यावा. अपील निकाली निघायला वर्षे लागू शकतात आणि तोवर दोन-तीन वर्षांची शिक्षा भोगून संपली तर अपील जिंकून काय उपयोग, हा विचार न्यायालयेही करतात. भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर अपवादात्मक परिस्थिती वगळता स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा. खटल्याच्या काळात जामिनाच्या अटी पाळल्या, प्रत्येक तारखेस हजेरी लावली, हे अर्जात रोजनाम्यासह दाखवावे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले कलम लागले असल्यास सरकारी वकिलांना लेखी म्हणणे देण्याची संधी आधी द्यावी लागते, म्हणून अशा अर्जाला जास्त वेळ धरून चालावे. जामिनावर बाहेर काढलेला काळ शिक्षेत मोजला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

धनादेश न वटण्याच्या खटल्यात अपील करताना भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरण्याचा आदेश होऊ शकतो. तो नियम पराक्राम्य लेख कायद्याचा असून फसवणुकीच्या अपिलाला लागू नाही. दोन्ही खटले एकाच व्यवहारातून निघालेले असले की हा घोळ हमखास होतो.

शिक्षा स्थगित झाली तरी आरोपी कायद्याच्या दृष्टीने दोषीच राहतो. सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी अशांना दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असते, आणि ती क्वचित मिळते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात आमदार सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला; दोषसिद्धीला स्थगिती न मिळाल्यामुळे त्या वर्षीची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही. दोषसिद्धीला स्थगिती मागायची असल्यास भरून न येणारे नुकसान नेमके कोणते, हे कागदांनिशी स्वतंत्र अर्जात मांडावे.

फिर्यादीशी तडजोड

कलम ४२० किंवा ३१८(४) चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो आणि शिक्षा झाल्यानंतरही अपील न्यायालय तशी परवानगी देऊ शकते. मंजूर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. बनावट दस्तऐवजांची कलमे मात्र अशी मिटत नाहीत. तेथे परत केलेली रक्कम शिक्षा कमी होण्यास हातभार लावते, एवढेच. रक्कम न्यायालयात भरताना ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’ असे अर्जात स्पष्ट लिहावे, आणि फिर्यादीला परस्पर रोख पैसे कधीही देऊ नयेत.

सुनावणी आणि त्यानंतर

अपील दाखल करून घेतल्यावर खालच्या न्यायालयाची मूळ कागदपत्रे मागवली जातात आणि इथे कामे रेंगाळतात. प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारीख पाहता येते. वकील गैरहजर राहिले म्हणून अपील फेटाळता येत नाही, ते गुणवत्तेवरच निकाली काढावे लागते. पण आरोपी तारखांना गैरहजर राहिला तर जामीन रद्द होऊन वॉरंट निघू शकते.

अपील न्यायालय निर्दोष सोडू शकते, फेरखटल्याचा आदेश देऊ शकते, कलम बदलू शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारने शिक्षावाढीसाठी वेगळे अपील केले असेल तर ती वाढू शकते, मात्र त्या अपिलातही आरोपीला निर्दोषत्वाचा युक्तिवाद करता येतो.

सत्र न्यायालयाने अपील फेटाळल्यास नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्यात पुरावा नव्याने तोलला जात नाही, कायद्याची ठळक चूक दाखवावी लागते. त्यानंतर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण तेथील नियमांप्रमाणे आरोपीने आधी शरण जाऊन तसा दाखला जोडावा लागतो किंवा शरण जाण्यातून सूट मिळावी म्हणून सकारण वेगळा अर्ज द्यावा लागतो.